घरामागची पट्टी

माहेरच्या जागेच्या हक्कसोडपत्रावर शालनने सही केली नाही, म्हणून थोरल्या भावाने, जालिंदरने, रागारागाने आपल्या दुमजली घरामागची पट्टी तिच्या गळ्यात मारली. "घे तुझा हिस्सा! हितं उन्हाचं त्वांड दिसत न्हाई. कोथमीर तरी उगवून दाव."

कोथिंबिरीच्या नादी शालन लागलीच नाही. तिने नेचे लावले, रंगीत अळू लावलं. परस पानांनी असा गच्च भरला, की पार वडूजच्या बायका बघायला येऊ लागल्या आणि जाताना रोपं मागू लागल्या.

जालिंदरला ते बघवेना. "शाले, लय मिरवू नगंस. ही सावली माझ्या भिंतीची हाय!"

नेच्याच्या बुडाशी माती दाबता दाबता शालन म्हणाली, "व्हय? मग जा की दादा, उचलून घिऊन."