बोटाएवढी टॉर्च

"काजवा घेऊन बुडी मारणार होय गं? आमची मोठी टॉर्च पार पलीकडच्या काठावर उजेड पाडते!" बचावपथकाचे प्रमुख दिनूतात्या हसले.

ऋजुताची वॉटरप्रूफ टॉर्च बोटाएवढीच होती. डोहाच्या तळाशी टाकलेली लोखंडी कडी शोधून आणली, तरच तिला पथकात जागा मिळणार होती.

"पण तात्या, मी दोन्ही टॉर्च गढूळ पाण्याच्या बादलीत बुडवून बघितल्या. मोठीचा उजेड पसरतो, गाळावर आपटतो आणि आपल्याच डोळ्यांत येतो. हिचा झोत बारीक आहे, सरळ जातो."

"बघू," म्हणत तात्यांनी तिच्या कमरेचा दोर हातात धरला.

तळाशी चहाच्या रंगाचं पाणी होतं. झोतात दगड दिसला, शेवाळ दिसलं, आणि मग कडी! ऋजुताला पाण्यातच ओरडावंसं वाटलं.

वर येऊन तिने कडी उंचावली.

"घेतलं पथकात," तात्या घाईघाईने म्हणाले, "आता ती टॉर्च दे इकडं!"