चार्जर लावलेला असताना

जुन्या लॅपटॉपच्या दुकानात दिगंबररावांनी दोन्ही लॅपटॉप चार्जर लावून शेजारी ठेवायला सांगितले. एकच फाईल दोन्हींवर उघडून पाहिली; ती डाव्यावर चुटकीसरशी उघडली. उजवा कुंथत बसला.

"बाबा, उजव्याचा प्रोसेसर मंद आहे, पण वीज कमी खातो. बॅटरी चार तास टिकते," केतकी म्हणाली. "आपल्याकडे गुरुवारी..."

"मला शिकवू नकोस. रडतखडत चालणारं घेऊन काय करायचंय?" त्यांनी डावा उचललासुद्धा. बायको दाराशी गप्प उभी होती, नेहमीसारखी.

केतकीची घरून द्यायची प्रवेशपरीक्षा नेमकी गुरुवारी आली. दुरुस्तीसाठी दर गुरुवारी जाते तशी सकाळीच वीज गेली. मोबाईलच्या नेटवर पेपर चालू राहिला, पण लॅपटॉपचा पंखा घुरघुरू लागला, बॅटरी भराभर उतरली आणि पेपर अर्धा असतानाच स्क्रीन काळी झाली.

दिगंबरराव तिच्या ओरडण्याची वाट बघत उभे राहिले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

केतकीनं चार्जरची वायर निमूटपणे गुंडाळली. "बाबा, चहा टाकू?" तिनं विचारलं, हुबेहूब आपल्या आईच्या आवाजात.