चौथं दार
दारावरच्या यंत्राने रामलिंगच्या हृदयाचे ठोके मोजले, त्याला लुटारू ठरवलं आणि शैलाताईंच्या मेडिकलचं काचेचं दार त्याच्या तोंडावर मिटलं.

"ताई, हे चौथं दुकान! पोरगी तापाने फणफणलीय, औषध द्या हो!"

शैलाताई विचारात पडल्या. पहिलं दार तो धावत आल्यामुळे मिटलं असेल, पण मग प्रत्येक मिटलेल्या दाराने त्याची धडधड वाढवलीच असणार. की हा खरंच लुटारू?

औषधाची बाटली घेऊन त्या भीत भीत बाहेर आल्या. रामलिंगने त्यांच्या हातात नोट कोंबली आणि बाटली घेऊन तो पळत सुटला.

त्या वळल्या, तोच दार मिटलं.

"अरे मेल्या, मी मालकीण आहे!"

त्या ओरडल्या तसा यंत्रावरचा आकडा एकशे अठरावरून एकशे तीसवर गेला. शैलाताई मुकाट्याने पायरीवर बसल्या.