उद्या दूध नको

संध्याकाळ झाली आणि दूध कंपनीचे मालक मकरंद घाणेकर कपाळ धरून बसले. कायद्यानं कपाळाला बांधलेली पट्टी गिऱ्हाइकांची चिडचिड थेट त्यांच्या डोक्यात सोडत होती. उद्या गावाला निघालेली माणसं अ‍ॅपमध्ये ‘उद्या दूध नको’ हे बटण शोधत होती. ते घाणेकरांनीच लपवायला लावलं होतं.

“वैजूताई, पट्टीचा जोर कमी करा. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

अ‍ॅपची मांडणी आणि ही पट्टी दोन्ही सांभाळणाऱ्या वैजयंतीनं नकारार्थी मान हलवली. “जोर नाही कमी करणार. बटण वर आणते.”

“अहो, सगळे दूध बंद करतील!”

“एक दिवस करतील. आत्ता दारात पिशव्या नासतात, म्हणून कायमचं करताहेत.”

त्यांच्यासमोरच तिनं ते बटण पहिल्या पानावर आणलं, चष्मा न लावताही दिसेल एवढं मोठं. मग पर्स उचलली. “आता काढा मला.”

घाणेकर ओरडायला उठले आणि तसेच थांबले. ठणका उतरत होता. कुठंतरी कुणी निवांतपणे कुलूप लावून गावाला निघालं होतं.

“उद्या... या तुम्ही,” ते पुटपुटले.

“येते की. ‘खातं बंद करा’ पण कुठंतरी पुरून ठेवलंयत. तेही उकरायचंय.”