वगळायचा मजकूर

“‘जमाव’ नको, ‘टोळकं’ म्हणा,” सभावाल्यांचा वकील म्हणाला.

“मग तुमच्या सभेला आलेल्यांना काय म्हणायचं, पाहुणे?” विरोधकांच्या वकिलाने विचारलं.

टायपिस्टबाईंनी दोन्ही शब्द टाइप केले नाहीत. न्यायाधीश सांगतील तेवढंच टाइप करायचं, असा नियम होता. चौकातल्या त्या सभेची आणि तिच्याविरुद्धच्या निदर्शनांची चौकशी तीन महिने चालू होती. साक्षीदार बोलायचा, निवृत्त न्यायाधीश त्याचं सरळ वाक्य करून सांगायचे आणि बाई मान खाली घालून ते उतरवायच्या. आतापर्यंत एकशे बारा साक्षी झाल्या होत्या आणि प्रत्येकाचा चौक वेगळा होता. सभेला गेलेल्यांना समोर दगड दिसले होते. विरोधाला गेलेल्यांना समोर काठ्या दिसल्या होत्या. आपल्या बाजूला मात्र सगळी देवमाणसं.

आजचा साक्षीदार चावीवाला होता. चौकामागच्या गल्लीत तो कुलपं दुरुस्त करायचा. सभेला विरोध करायला म्हणून गेला आणि दोन बरगड्या मोडून घेऊन आला.

“बरगड्या कुणी मोडल्या?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही सांगता यायचं, साहेब. बघायला सवड नव्हती. हात गुंतले होते माझे.”

“कशात?”

“एका पोरीत. असेल चारेक वर्षांची. समोरून आली, सभेच्या बाजूने, लोकांच्या डोक्यांवरून. त्यांच्यातला एक जण तिला वर धरून ‘घ्या, घ्या’ म्हणत होता. आम्ही घेतली. मी खांद्यावर बसवली. माझ्या डोक्यावर केस नाहीत, म्हणून तिने कान धरले, ते पार पुस्तकाच्या दुकानाच्या पायऱ्या येईपर्यंत सोडले नाहीत. आता दोन्ही हातांनी पोरीला धरल्यावर बरगड्या कशाने सांभाळणार?”

“हे विषयाला सोडून आहे,” एक वकील उठून म्हणाला.

“वगळावं,” दुसरा म्हणाला.

तीन महिन्यांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. पोरगी विरोधकांनी वाचवली हे एकाला नको होतं, आणि ती सभेतल्या माणसाने सोपवली हे दुसऱ्याला.

“ठीक आहे,” न्यायाधीश म्हणाले. “बाई, हे वगळा.”

बाईंची बोटं मघाशीच थांबली होती.

त्या दिवशी त्या ना सभेला आल्या होत्या, ना विरोधाला. मुलीला घेऊन बस बदलायला उतरल्या होत्या. बस आलीच नाही. दोन्हीकडून माणसं आली आणि बघता बघता दोघी कठड्याला चेपल्या गेल्या. मुलगी कमरेशी होती. तिला श्वास घेता येईना, रडताही येईना. शेजारी एक उंच माणूस घोषणा देत होता, छातीवर सभेचा बिल्ला. त्याने खाली पाहिलं आणि घोषणा अर्ध्यावर सोडली. “द्या इकडे,” म्हणाला. ज्यांच्या नावाने तो इतका वेळ ओरडत होता, त्यांच्याकडेच त्याने ती उंच धरली. आणि पलीकडे हात वर झाले. एक नाही, पंधरावीस. मग मुलगी दिसेनाशी झाली. अर्ध्या तासाने बाई धडपडत पुस्तकाच्या दुकानाशी पोचल्या, तेव्हा ती पायरीवर बिस्किट खात बसली होती. कोण ठेवून गेलं, ते दुकानदाराला सांगता आलं नाही.

या कामाच्या अर्जात प्रश्न होता: ‘त्या दिवशी आपण चौकात हजर होता का?’ हजर होतो असं लिहिणाऱ्याला हे काम मिळणार नव्हतं, आणि कामाची गरज होती. त्यांनी ‘नाही’ लिहिलं. त्यानंतर प्रत्येक साक्षीत त्या एका मुलीसाठी कान देऊन बसायच्या. एकशे बारा माणसं बोलून गेली. दगड सगळ्यांना आठवत होते, काठ्या आठवत होत्या. मुलगी कुणालाच नाही.

“हे मला वगळता येणार नाही, साहेब,” बाई म्हणाल्या.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. या बाईंचा आवाज असा आहे, हे त्यांना आजच कळत होतं.

बाई उठल्या आणि टेबलाला वळसा घालून चावीवाल्यापुढे उभ्या राहिल्या. “ती माझी मुलगी,” त्या म्हणाल्या. “तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. कुणाचे मानायचे, तेच ठाऊक नव्हतं.”

चावीवाला गडबडून उभा राहायला गेला, पण बरगड्यांनी त्याला परत बसवलं. “बरी आहे ना ती?”

“छान आहे. शाळेत जायला लागली.”

“मग झालं तर,” तो म्हणाला, आणि बाहीने डोळे पुसून खिडकीकडे बघत राहिला.

न्यायाधीश म्हणाले, “म्हणजे त्या दिवशी तुम्ही चौकात होतात. आता या खुर्चीवर तुम्हाला बसता येणार नाही, बाई.”

“माहीत आहे, साहेब. मला समोरच्या खुर्चीवर बसायचंय. त्या बिल्लेवाल्याबद्दल अजून कुणीच सांगितलेलं नाही.”

वकील एकमेकांकडे पाहू लागले. चावीवाल्याने सावकाश उठून खुर्ची रिकामी करून दिली. टाइप करायला कुणी उरलं नव्हतं. न्यायाधीशांनी स्वतःच कागद पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

“साक्षीदार कोणत्या बाजूची लिहू?”

“दोन्ही लिहा, साहेब,” बाई म्हणाल्या. “एकाच बाजूच्या हातांनी माझी मुलगी पोचली नसती.”