रिकामी पाणबुडी

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या एका संग्रहालयात मी आणि ऋषी जुन्या फिल्म्सचा आवाज साफ करतो. पाच वर्षं एकाच डब्यातून जेवलोय.

या आठवड्यातली फिल्म दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानी बंदरातली होती. अमेरिकन नौदल ताब्यात घेतलेल्या पाणबुड्या बुडवायला नेतंय. एकीचं झाकण लावताना खलाशी हसून म्हणतो, "एम्प्टी!"

आणि आतून तीन ठोके ऐकू येतात.

"नॉइज आहे यार, डिलीट कर," ऋषी म्हणाला.

"माणूस आहे आत. मी नाही पुसणार."

"बरं बाई, राहू दे. कुणी हात लावणार नाही," त्याने शब्द दिला.

आज संध्याकाळी साउंडप्रूफ खोलीत बसून फिल्म लावली, तर ठोके गायब. ऋषीनेच पुसले होते. मी संतापून हेडफोन काढून फेकले.

आता ठोके स्पष्ट ऐकू आले. तीन, मग पुन्हा तीन. खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, आणि माझीच मूठ त्यावर आपटत होती.

खोलीच्या काचेपलीकडे ऋषी कुलूप लावायला आलेल्या गार्डशी बोलत होता. इंटरकॉम चालू होता, बाहेरचं बोलणं आत ऐकू येत होतं.

"एम्प्टी," तो हसून म्हणाला. गार्डने कुलूप लावलं.

मग ऋषी काचेजवळ आला आणि त्याने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. रोज निघताना तो "येतो गं" म्हणायचा.

"जातो," तो म्हणाला.