पत्त्याचा पुरावा

"माताजी, मकान अपनी मर्ज़ी से दान कर रही हैं न?" निबंधक साहेबांनी मान वर न करताच विचारलं आणि शिक्का उचलला.

"नहीं," सुभद्राबाई म्हणाल्या.

शिक्का हवेतच राहिला. शेजारच्या खुर्चीत त्यांचा मुलगा प्रफुल्ल फाईल चाळत बसला होता, त्याचा हात थांबला. मागे उभ्या असलेल्या सुनेनं, रुचिरानं, नवऱ्याकडे पाहिलं. साक्षीला आणलेले दोघं शेजारी जमिनीकडे बघू लागले.

"आई, ते काय विचारतायत ते नीट ऐकलंस का?" प्रफुल्लनं विचारलं.

"ऐकलं."

प्रफुल्ल दिवाळीनंतर बायको-पोरीला घेऊन कतारहून परत आला होता. तिथल्या कंपनीनं गाशा गुंडाळला, मग यानंही गुंडाळला. ज्या लखनऊत तो जन्मला, वाढला, तिथं आता त्याला कुणी ओळखायला तयार नव्हतं. पासपोर्टवर पत्ता दोह्याचा. बँकेत गेला, पत्ता मागितला. लायसन्सला गेला, तिथंही तेच. पोरीच्या, सोनूच्या, शाळेनं तर अर्ज परत केला. विजेचं बिल दाखवलं की खिडकीतला माणूस म्हणायचा, "ये तो माताजी के नाम है." संध्याकाळी तो तोंड पाडून घरी यायचा, पाणीसुद्धा न पिता बसून राहायचा. सुभद्राबाईंचा जीव तुटायचा. म्हणून त्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेल्या.

त्यांच्या पेन्शनखात्याचा मोबाइल नंबर बदलून त्याचा झाला, कारण ओटीपी वेळेवर यायला हवा. त्यांचा पलंग पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरामागच्या खोलीत गेला, कारण नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतींसाठी त्याला शांत जागा हवी होती. दर रविवारी इंदिरा नगरातल्या आपल्या बाया त्या पुढच्या खोलीत बुद्धवंदनेला जमायच्या. "आई, सध्या दुसरीकडे जमा ना यार, टेबल हलवता येत नाही," प्रफुल्ल म्हणाला. बाया समजूतदार होत्या. त्या यायच्या बंद झाल्या.

मग दानपत्र निघालं. "घर माझ्या नावावर झालं की पत्त्याची कटकटच मिटली. नाहीतरी शेवटी आहे कुणाचं?" तो जेवताना म्हणाला होता, आणि भाजी वाढून घेतली होती.

ते घर सुभद्राबाईंच्या नवऱ्यानं, दादारावांनी, घेतलं होतं. टेलिफोन खात्यात लागून अकोल्याहून इथं आलेला माणूस. घर घेतलं ते थेट बायकोच्या नावावर. खात्यातले लोक हसले, तेव्हा म्हणाले होते, "बाईच्या हक्कावर मी दरवर्षी जयंतीला भाषण करतो. मग घराच्या कागदावर का नको?" दादाराव गेले, पण त्या कागदाला कुणी हात लावला नव्हता.

आणि आज या अनोळखी माणसानं मर्जी विचारली. मुलगा परत आल्यापासून ती विचारणारा हा पहिलाच होता, आणि त्यालाही उत्तर नकोच होतं. सुभद्राबाईंनी तरी ते दिलं.

साहेबांनी शिक्का खाली ठेवला. "मर्ज़ी नहीं है तो नहीं होगा," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर कचेरीच्या अंगणात येईपर्यंत प्रफुल्लनं कसाबसा दम धरला. "सगळ्यांसमोर, आई! आधी घरी सांगायचं होतंस."

"घरी कुणी विचारलं नाही."

"सोनूची शाळा गेली तर? वर्ष वाया गेलं तर?"

 सुभद्राबाई थांबल्या नाहीत. पत्र्याच्या शेडखाली लॅपटॉप घेऊन बसलेल्या मुंशीसमोर त्या जाऊन उभ्या राहिल्या. दानपत्र त्यानंच लिहिलं होतं.

"भैया, पोती के स्कूल को पते का सबूत चाहिए, बेटे के नाम. मकान दिए बिना और क्या बनता है?"

"किरायानामा बनवा लीजिए, माताजी. उससे भी चल जाता है."

"बनाइए."

मुंशीनं नवा कागद उघडला. "मकान मालिक?"

"सुभद्रा दादाराव तायडे."

"आई, काहीतरीच काय!" प्रफुल्लचा चेहरा लाल झाला होता. "पोटच्या पोराला त्याच्याच घरात भाडेकरू करणार तू?"

"माझ्या घरात," सुभद्राबाई म्हणाल्या. "राहा ना. जन्मभर राहा, माझी काही तक्रार नाही. जाताना हे घर तुलाच ठेवून जाईन. पण अजून मी गेले नाही."

रुचिरानं त्याच्या बाहीला हात लावला. त्यानं तो झटकला. "लोक काय म्हणतील? आईनं मुलाशी भाडेकरार केला?"

सुभद्राबाईंनी आवाज चढवला नाही.

"आत मी हो म्हटलं असतं, तर उद्यापासून त्या घरात मी कोण झाले असते रे? तू सांग. तू म्हणशील तोच शब्द इथं तुझ्या नावापुढे घालू."

प्रफुल्लनं तोंड उघडलं. "आईच" हे सोपं उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. ते तो बोलला असता, पण आई त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्याकडे बघता बघता ते उत्तर त्याला बोलवेना.

"साहब, दूसरे पक्ष में क्या लिखूँ?" मुंशीनं विचारलं.

प्रफुल्लनं हातातली फाईल मिटली.

"किरायेदार," तो म्हणाला.